बायकांच्या दारावरचा कंदील

आमच्या टॉकीजला दोन दारं होती. पुरुषांचं दार हमरस्त्यावर, कमानीखाली, वर रंगीत दिव्यांची माळ. बायकांचं दार मागच्या बोळात. तीन पायऱ्या चढायच्या, मग चार हात लांबीची अंधारी वाट, मग जाड काळा पडदा, की आलं थेटर. पुरुषांच्या दारावर यशवंता नावाचा गेटकीपर असे. त्याला मालकांनी खाकी कोट, शिट्टी आणि हातबॅटरी दिली होती. मला एक स्टूल दिलं होतं आणि एक कंदील. त्या स्टुलावर मी बावीस वर्षं बसले.

धुळ्यात तेव्हा बाईमाणसाने टॉकीजवर नोकरी करायची म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. देवपुरात मी ज्या खोलीत राहायची, तिथल्या शेजारणी सुरुवातीला माझ्याकडून विरजण घेत नसत. पुढे त्याच शेजारणी संध्याकाळी पदर डोक्यावर घेऊन हळूच विचारायच्या, "अक्का, आजचा खेळ रडका आहे की हसता?" मी सांगायची, "रडका. दोन रुमाल घ्या." विरजण आपोआप सुरू झालं.

माझं काम वरवर सोपं. तिकीट फाडायचं आणि आत सोडायचं. खरं काम त्यानंतरचं. पुरुषांच्या आणि बायकांच्या बाकांमध्ये एक पडदा असे. दिवे लागले की तो ओढायचा, अंधार झाला की सरकवायचा. दिवे लागायच्या आत तो ओढला गेला नाही, तर पुरुषांकडच्या माना लगेच वळायच्या, म्हणून माझं अर्धं लक्ष कायम त्या दोरीवर. तान्ह्या पोरांच्या झोळ्या बाकांच्या पायांना बांधायच्या. रडणारं पोर आईकडून घेऊन बोळात फिरवायचं, नाहीतर आईचा खेळ बुडतो. शेवटी उरलेल्या चपलांच्या जोड्या लावायच्या. एका बाईने खेळ चालू असताना बसल्या जागी दोन शेर गवार मोडून नेली होती. घरी विचारलं तर सांगायला काम झालेलं असावं म्हणून.

दर शुक्रवारी एक बाई एकटी यायची. कडेच्या बाकावर बसायची आणि दिवे मालवले की झोपायची. खेळ कुठलाही असो. एकदा मी म्हटलं, "बाई, पैसे खर्चून झोपता होय?" ती म्हणाली, "अक्का, घरात अकरा माणसं आहेत. मला हाक मारणार नाही असं ठिकाण मला एवढंच माहीत आहे." त्या दिवसापासून तिच्या बाकाजवळ मी कुणाला बडबडू दिलं नाही.

आणि एक सांगते, कारण ते मनातून जात नाही. एकदा खेळ ऐन रंगात असताना एक माणूस दाराशी आला. बायकोला बाहेर पाठवा म्हणाला. मी नवी होते. मी आत जाऊन तिला उठवून आणलं. बोळातच त्याने तिच्या श्रीमुखात दिली. मी स्टुलावर बसून बघत राहिले. पुन्हा मी कुणाच्याही नवऱ्यासाठी कुणालाही उठवलं नाही. "खेळ संपला की येतील, पायरीवर बसा," एवढंच सांगायची. पण त्या बाईला काही त्याचा उपयोग नव्हता.

आता त्या कंदिलाबद्दल. कंदिलात रॉकेल यशवंता भरायचा. वात कापणं, काच पुसणं, सगळं मी करायची, रॉकेल मात्र भरायची नाही. अक्काला वास सोसत नाही, असं सगळे समजत. मीही समजू दिलं.

खरं कारण वेगळं होतं. माझं सासर धुळ्यापासून दहा कोसांवर. तिकडे ज्वारी पेवात ठेवत. पेव म्हणजे गावच्या पांढऱ्या मातीत खणलेला खड्डा, तोंड एका माणसापुरतं आणि पोट खोलीएवढं. कडेने कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड बुजवायचं. दोन-दोन वर्षं दाणा हलत नाही. पण बंद पेवात वारं नासतं. ते दिसत नाही, त्याला वास नाही. म्हणून पेव उघडलं की आधी दोराला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा जळत राहिला तर माणसाने उतरायचं. विझला तर घोंगडीने वारा घालत बसायचं आणि पुन्हा दिवा सोडायचा. खान्देशातल्या कुठल्याही खेड्यातल्या लेकीला हे चालायला लागल्यापासून ठाऊक असतं.

आमचं पेव उघडलं त्या दिवशी कंदिलात रॉकेल नव्हतं. मी घरात भरत होते. "थांबा, मी दिवा आणते," असं मी ओरडून सांगितलं होतं. बैलगाडी दाराशी उभी, माणसं खोळंबलेली, आमचे हे थांबले नाहीत, पेवात उतरले. मी कंदील घेऊन पोचले तेव्हा माणसं पेवाच्या तोंडाशी ओणवी होऊन हाका मारत होती. मी कंदील आत सोडला. तो हातभर खाली गेला आणि विझला. मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. तो कंदील मी पांझरा नदीच्या पुरात टाकून दिला. त्यानंतर कुठल्याही कंदिलात रॉकेल ओतायला घेतलं की माझा हात लाकूड व्हायचा.

असो. आता गुंफेवाल्या खेळाकडे येते.

स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मुंबईहून एक हिंदी खेळ आला. जमिनीखाली मोठी गुंफा, तिच्यात राक्षस, आणि त्यांच्याशी लढणारा एक दांडगा शिकारी. नाव काही का असेना, धुळ्यात त्याला सगळे 'गुंफेवाला' म्हणत. राक्षस म्हणजे काय, तर अंगभर काळी लव चिकटवलेली माणसं; पण अंधारात डोळे असे चमकायचे की पुरुषांच्या बाजूलासुद्धा माणसं पाय वर घेऊन बसत. आमच्याकडे एक सून बेशुद्ध पडली. नेमकी ती नानांची.

नाना म्हणजे बाजारातले वजनदार कापड दुकानदार. मॅनेजरसाहेबांसमोर त्यांनी काठी आपटली. "घरातल्या लक्ष्म्यांना भुतं दाखवता? बायकांचं दार बंद करा, नाहीतर गावात सह्या गोळा करतो." पोरीला दिवस गेले होते आणि सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे नंतर कळलं. पण तेवढ्यात बोभाटा झाला तो झालाच.

खेळ उतरला, पण बायकांच्या मनातून उतरला नाही. कारण शेवटी शिकाऱ्याने गुंफेचं तोंड शिळा लावून बंद केलं आणि आतून नखांचा आवाज आला. तिथेच संपला! वर्षभर भाजीबाजारात मला बाया अडवायच्या. "अक्का, त्यान्हं पुढे काय जायं?" पुढे काय झालं ते मला काय ठाऊक? मी म्हणायची, "येईल दुसरा भाग."

आणि तो आला. जळगावला लागून तिथून फिल्मची पेटी आमच्याकडे आली. पेटीबरोबर बातमीही आली. तिथल्या एका थेटरात बायकांच्या खेळाला कुणीतरी किंचाळलं आणि सगळ्या दाराकडे धावल्या. दारात चेंगराचेंगरी झाली. कुणाचा हात मोडला, कुणाच्या बांगड्या फुटून मनगटात रुतल्या.

मॅनेजरसाहेब म्हणाले, "दुसरा भाग फक्त पुरुषांना."

मी म्हटलं, "साहेब, आखाजी तोंडावर आली आहे."

खान्देशाबाहेरच्यांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, पण आमच्याकडे तो लेकींचा सण. सासरी गेलेल्या झाडून सगळ्या पोरी माहेरी येतात. झाडांना झोके, घरात खापरावरची पुरणपोळी आणि आंब्याचा रस. चार दिवस त्यांना कुणी काम सांगत नाही. आणि त्या दिवसांत दुपारी आमच्याकडे खास बायकांचा खेळ असे, पडदा नाही, पुरुष नाही, सगळं थेटर त्यांचं. खेड्यांवरून गाड्या भरून यायच्या.

"या पोरी वर्षभर वाट बघताहेत," मी म्हटलं. "तुम्ही दुसरा कुठला खेळ लावलात तर मला दारात उभं राहू देणार नाहीत."

साहेबांनी खूप वेळ पेन्सिल टेबलावर आपटली. शेवटी म्हणाले, "एक खेळ. आखाजीला, दुपारी. पण अक्का, एकही बाई किंचाळत बाहेर पळाली, तर ते दार मी विटा लावून बुजवतो. नानांना तसा शब्द दिला आहे. मग तुम्हालाही इथे काम उरणार नाही."

"कबूल," मी म्हटलं. तोंडाने म्हटलं खरं. त्या नोकरीशिवाय मला परत सासरच्या ओसरीवर, दिराच्या भाकरीवर जावं लागलं असतं.

आखाजीच्या दुपारी बोळात पाय ठेवायला जागा नव्हती. अडीचशे बाया, पोरंसोरं वेगळी. गजरे, नवी लुगडी, पदरात बांधलेल्या कैऱ्या. नानांच्या दोन्ही सुना आणि लेकही आली, आणि नाना स्वतः! बोळाच्या तोंडाशी टांग्यात बसून राहिले. दार बुजवायची वेळ आली तर साक्षीला आपणच असावं, असा विचार असणार. मॅनेजरसाहेब पायरीशी येरझारा घालत होते. यशवंताला सुट्टी होती, कारण पुरुषांचा खेळ नव्हता. ही गोष्ट माझ्या ध्यानात राहायला हवी होती, ती राहिली नाही.

खेळ सुरू झाला. पहिला अर्धा तास राक्षस नुसते डोळे दाखवत होते. बाया "माय व माय!" करून एकमेकींना चिकटत होत्या आणि मी पडद्याशी उभी राहून प्रत्येक किंकाळी मोजत होते. मग शिकाऱ्याने शिळा बाजूला केली. वर्षभर बंद असलेली गुंफा. तोंड एका माणसापुरतं, खाली काळोख. त्याने कमरेला दोर बांधला आणि आत पाय सोडला.

पुढच्या बाकावर लळिंगकडच्या एका खेड्यातली बनाबाई बसली होती. साठीची बाई, आयुष्यातला पहिलाच सिनेमा. ती ताडकन उठली.

"आरे, दिवा कोठे शे यान्हा? पहिले दिवा सोड, मंग उतर!"

मग मागून दुसरी, "खरं शे! वरीसभर बंद व्हती ती!" आणि मग काय विचारता! राक्षस राहिला बाजूला. अडीचशे बाया त्या शिकाऱ्यावर तुटून पडल्या. "काय अक्कल शे का नही?" "घोंगडीखाल वारा तरी घाल!" "यान्ही माय कोठे गयी?" भीती कुठल्या कुठे गेली. शेतावरच्या गड्याला झापावं तसं त्या त्याला झापत होत्या. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. आणि हसता हसता एकदम माझे डोळे भरून आले, कारण त्या बोलत होत्या ते सगळं मी एकदा बोलले होते.

आणि नेमकी तेव्हाच वीज खालावली.

आमचे ऑपरेटर इस्माईलभाई मला नेहमी समजावून सांगत. मशिनमध्ये कोळशाच्या दोन कांड्या समोरासमोर असतात, त्यांच्यामधून विजेची ज्योत निघते आणि तिचाच उजेड पडद्यावर पडतो. वीज कमी झाली की ज्योत मंदावते. तशी ती मंदावली. पडदा पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा मातकट. शिकारी दोरावर लोंबकळलेला, आणि त्याच्याभोवतीचा उजेड हळूहळू मरत चाललेला.

बायांनी काय समजायचं ते समजल्या.

"वारं खराब शे! वर ये रे भाऊ! वर ये!"

आवाज घोगरा होत बंद पडला. पंखे थांबले. काळोख झाला, डोळ्यांत बोट घातलं तरी कळणार नाही असा. आणि त्या काळोखात एका पोरीचं किंचाळणं आलं, "आठेबी वारं खराब शे!" आठेबी, म्हणजे इथेही.

बाक सरकल्याचे आवाज आले. अडीचशे बाया उभ्या राहत होत्या. माझ्या पाठीमागे चार हातांची बोळकांडी, तीन पायऱ्या आणि जळगावची गोष्ट. बाहेरून मॅनेजरसाहेब ओरडत होते, "अक्का, दार उघडू का?" उघडलं असतं तर सगळा लोंढा त्या उजेडाकडे आला असता.

"उघडू नका!" मी ओरडले. मग पडद्यातून आत तोंड करून, पोटातून आवाज काढून म्हटलं, "बठ्ठ्या जागावर बशी ऱ्हा! मी दिवा लई येस! दिवा येवालगून कोन्ही हालू नका!"

कंदील उचलला तर हलका. रिकामा. यशवंताला सुट्टी.

रॉकेलचा डबा कोपऱ्यात होता. दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ येत होती, तिच्यात मी बसले. बुच काढलं, डबा उचलला आणि हात लाकूड झाला. मला खरंच सांगता येत नाही किती वेळ गेला. मला आत सासरचं अंगण दिसत होतं. वाटत होतं, मी भरून होईपर्यंत आत कुणी थांबलेलं नसणार. कुणी थांबत नाही.

मग मी कान दिला. आत अजिबात आवाज नव्हता. बाक सरकत नव्हते, पावलं वाजत नव्हती. एक पोर कुरकुरलं आणि बनाबाईचा आवाज आला, "उगी ऱ्हाय. ती दिवा आनाले गयी शे."

त्या थांबल्या होत्या. घरच्या माणसाने ऐकलं नव्हतं ते त्या अडीचशे परक्या बायांनी ऐकलं होतं. मी ओतलं. अर्धं बाहेर सांडलं, लुगड्यावर सांडलं. हात चांगले पुसले, पदर खोचला, काडी ओढली. कंदील धरून मी मधल्या वाटेने चालत गेले, बाकांच्या रांगा ओलांडून थेट पांढऱ्या पडद्यासमोर उभी राहिले आणि कंदील डोक्यावर धरला. सगळ्या जागेवर होत्या. एकही उठलेली नव्हती.

"देखा," मी म्हटलं, "दिवा जयी राहिना. वारं चांगलं शे." दिवा जळतो आहे, असं सांगितलं.

आधी एकीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. त्यांच्यासाठी एवढंच पुरेसं होतं. कुणी पदरातली कैरी काढली, कुणी आखाजीचं झोक्यावरचं गाणं धरलं. वीज येईपर्यंत मी तिथेच उभी होते आणि त्या गात होत्या. हात भरून आला, पण खाली घेतला नाही.

वीज आली. इस्माईलभाईंनी कांड्या जुळवल्या आणि पडदा एकदम लख्ख झाला. "निवळी गयं! निवळी गयं!" असा गजर झाला. आणि पुढे त्या शिकाऱ्याने काय करावं? खाली पोचल्यावर त्याला राक्षस दिसेनात, म्हणून त्याने मशाल पेटवून दोराने पुढच्या विवरात सोडली! मुंबईच्या लोकांनी ती राक्षस दिसावा म्हणून सोडली असेल, पण आमच्याकडे सगळं थेटर उभं राहिलं. "आते कशी अक्कल उनी!" पुढे राक्षस मेले तेव्हासुद्धा एवढ्या टाळ्या पडल्या नाहीत.

तो आरडाओरडा ऐकून मॅनेजरसाहेब दार उघडून धावत आत आले, मागे काठी टेकत नाना. पाहतात तो अडीचशे बाया हसताहेत आणि कुणी दाराकडे बघतसुद्धा नाही. "बापे आठे कसाले उनात?" बायकांच्या खेळाला पुरुष कशाला आले, असं बनाबाईने त्यांना हटकलं. दोघे आल्या पावली परत फिरले.

खेळ सुटल्यावर तिन्ही पायऱ्या उतरून बाया सावकाश गेल्या. नानांची धाकटी सून, तीच ती बेशुद्ध पडलेली, कडेवर पोर घेऊन टांग्यात चढली आणि सगळी गोष्ट सासऱ्यांसमोरच मोठ्याने सांगायला लागली. टांगा हलायच्या आधी नानांनी मला जवळ बोलावलं. आता काय ऐकावं लागतं, म्हणून मी उभी राहिले.

घसा खाकरून ते हळू आवाजात म्हणाले, "अक्का, ते आतलं... सगळेच मेले ना शेवटी? मागच्या वर्षी मी पुरुषांच्या बाजूला होतो. नखांचा आवाज आला होता."

"सगळे मेले, नाना. स्वस्थ झोपा."

दार बुजलं नाही. पुढच्या महिन्यापासून दर मंगळवारी दुपारी बायकांचा खास खेळ सुरू झाला. मॅनेजरसाहेबांनी मला हातबॅटरी देऊ केली, मी घेतली नाही. कारण तोवर रीतच पडून गेली होती. खेळ भुतांचा असो, देवांचा असो, दिवे मालवायच्या आधी मी कंदील घेऊन पडद्यासमोर जायची. अंधारातून कुणीतरी विचारायचंच, "काय व अक्का, दिवा जयी राहिना ना?" मी म्हणायची, "जयी राहिना." मग वर इस्माईलभाई मशीन सुरू करत.

यशवंता सुट्टीवरून परत आला, त्या दिवशी नेहमीप्रमाणे माझ्या दाराशी आला आणि त्याने कोपऱ्यातला रॉकेलचा डबा उचलला. मी त्याला म्हटलं, "ठेव तिथे. माझा कंदील मी भरते."